खंडेनवमीला दिसलेलं विवर कोजागिरीला कुठे गेलं?

प्रश्न नाशिकमधल्याच एका शिक्षिकेचा आहे. खंडेनवमीच्या संध्याकाळी त्या शाळेतल्या सात-आठ मुलांना घेऊन आमच्या गच्चीवर आल्या होत्या. दुर्बिणीला नुकतंच हळदीकुंकू लागलं होतं, आणि त्याच दुर्बिणीतून मी त्यांना चंद्रावरचं एराटोस्थेनिस हे विवर दाखवलं होतं. कोजागिरीला त्यांनी सोसायटीच्या गच्चीवर स्वतःची छोटी दुर्बीण लावून तेच विवर शोधलं, तर जागेवर काहीच नाही. त्या विचारतात, ‘सर, एवढं मोठं विवर सहा दिवसांत दिसेनासं कसं होतं? शिवाय तुम्ही म्हणालात, चंद्राच्या इतिहासातल्या 320 ते 110 कोटी वर्षांपूर्वीच्या काळाला याच विवराचं नाव दिलंय. त्या विवरापाशी कोणी उतरलेलंसुद्धा नाही, मग हे आकडे आले कुठून?’

ताई, दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, म्हणून एकत्रच लिहितो. जरा लांबेल.

आधी विवर किती मोठं ते सांगतो, म्हणजे मुलांना त्याचं हरवणं किती विचित्र आहे ते कळेल. एराटोस्थेनिसचा व्यास सुमारे 58 किलोमीटर. ते उचलून आपल्या जिल्ह्यावर ठेवलं तर एका काठाच्या आत त्र्यंबक, दुसऱ्या काठाच्या आत सिन्नर आणि मध्ये अख्खं नाशिक. खोली साडेतीन किलोमीटरच्या वर. कळसूबाई समुद्रसपाटीपासून 1646 मीटर; तशा दोन एकावर एक रचल्या तरी काठाच्या वर डोकं निघणार नाही.

तर ते दिसेनासं का झालं? कोजागिरीला चंद्रावरच्या त्या भागात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. सावलीच नाही. खंडेनवमीला तिथे नुकतीच सकाळ होत होती, काठाची काळी सावली तळावर पसरली होती, आणि तुमच्या मुलांनी जे पाहिलं ते खरं तर ती सावलीच होती. पौर्णिमेला उंचसखलपणा दिसत नाही, फक्त जमिनीचा रंग दिसतो, गडद का फिकट एवढंच. एराटोस्थेनिसचा रंग आजूबाजूच्या जमिनीसारखाच झालेला आहे. भर दुपारी पांढऱ्या भिंतीवरचा पांढरा पोपडा शोधावा तशी गत. (लोक मला दरवर्षी हटकून कोजागिरीलाच दुर्बीण घेऊन बोलावतात. विवरं बघायला महिन्यातली ती सगळ्यात वाईट रात्र. पण मसाला दूध असतं, त्यामुळे जातो.)

पण त्याच कोजागिरीला तुम्हाला दुसरी दोन-तीन विवरं दिव्यासारखी दिसली असणार. दक्षिणेकडे टायको, आणि एराटोस्थेनिसपासून जेमतेम तीनशे किलोमीटरवर कोपर्निकस. त्यांच्याभोवती पांढरे पट्टे लांबवर पसरलेले असतात, त्यांना आपण किरणं म्हणतो. सावली नसतानाही ती दिसतात, कारण तिथे रंगच वेगळा आहे. काठ, कडे, मधले डोंगर, सगळं तिन्ही विवरांत सारखंच. मग कोपर्निकसला किरणं आहेत आणि एराटोस्थेनिसला नाहीत, असं का?

याचं उत्तर परातीत मिळतं. परातीत बोटभर जाडीची पांढरी रांगोळी पसरा. वर चहाच्या गाळणीने गेरूची पूड भुरभुरवा, खालचं पांढरं झाकेल इतकीच. मग खांद्याच्या उंचीवरून एक गोटी सोडा. खड्डा पडेल, आणि खालची पांढरी रांगोळी तांबड्यावर रेषारेषांनी उडालेली दिसेल. ही झाली किरणं. आता ती परात तशीच ठेवा आणि रोज वरून चिमूटभर गेरू टाका. आठवड्याने रेषा पुसट होतील, पंधरा दिवसांनी दिसणार नाहीत, पण खड्डा तसाच असेल. पहिल्या दिवसाची परात म्हणजे कोपर्निकस, पंधराव्या दिवसाची एराटोस्थेनिस. मुलांना एवढं मात्र बजावून सांगा की गोटी फक्त ढकलते. खरा आघात सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगाने होतो, म्हणजे नाशिकहून सिन्नर दोन सेकंदांत. तो दगड जमिनीत शिरता शिरता स्फोट व्हावा तसा फुटतो, म्हणून खड्डा दगडाच्या दहा-वीसपट मोठा होतो, आणि दगड तिरका आला तरी बहुतेक वेळा गोलच होतो.

चंद्रावर गेरू कोण टाकतं? तिथे ना वारा ना पाऊस. आपल्याकडे काळा पाषाण पाण्याने कुजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. सह्याद्रीत ही सगळी कामं पावसाळा करतो. चंद्रावर ते काम धुळीच्या कणाएवढे उल्कापिंड आणि सूर्यावरून सतत येणारा भारित कणांचा झोत करतात. त्यांच्या माऱ्याने मातीच्या प्रत्येक कणावर लोखंडाच्या अतिसूक्ष्म ठिपक्यांचं पुट चढतं आणि माती काळपट, किंचित तांबूस होत जाते. हे अतिशय सावकाश चालतं. झीज तर दहा लाख वर्षांत मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे किरणं पुसायला पन्नास-शंभर कोटी वर्षं लागतात, आणि साडेतीन किलोमीटर खोल खड्डा बुजायला चंद्राचं आजवरचं आयुष्यही पुरत नाही.

यावरून तो कालखंड कसा ठरला, तेही सांगतो. 1960 च्या सुमारास युजीन शूमेकर आणि रॉबर्ट हॅकमन या अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी कोपर्निकसच्या आसपासचा भाग घेतला आणि आपण ब्रह्मगिरीच्या कड्यावर जे करतो तेच तिथे केलं. त्र्यंबकहून वर चढताना लाव्हाचे थर पायऱ्यांसारखे दिसतात ना? खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. वय माहीत नसलं तरी क्रम चुकत नाही. मी पंचवीस-तीस वर्षं मुलांना भूशास्त्र शिकवलं, आणि पहिल्याच दिवशी हेच सांगत आलो: कोण कोणाच्या अंगावर बसलंय ते बघा. चंद्रावर तुम्हाला बाजूने कडा दिसत नाही, वरून दिसतं. पण कोण कोणाच्या अंगावर आहे ते वरूनही कळतं.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर दसऱ्याची रात्र धरा, म्हणजे शुद्ध दशमी. कोणत्याही महिन्याची चालेल. चंद्राच्या मध्याच्या थोडं उत्तरेला एक डोंगररांग धनुष्यासारखी वळलेली दिसते, ती अपेनाइन. ही रांग म्हणजे एका अतिप्रचंड आघाताचा काठ. त्या आघाताने झालेलं खोलगट भांडं म्हणजे मारे इम्ब्रियम, आपण पावसाचा समुद्र म्हणू. पाणी नाही, नंतर भरलेला लाव्हा आहे. रांग जिथे संपते, अगदी त्या टोकाशी एराटोस्थेनिस बसलंय, माळेच्या शेवटी पदक असावं तसं. त्याच्यातून उडालेला राडा त्या लाव्हाच्या वर पसरलेला आहे. म्हणजे आधी आघात आणि डोंगर, मग लाव्हा, मग एराटोस्थेनिस.

आता दुर्बीण किंचित नैर्ऋत्येला सरकवा (तुमच्या दुर्बिणीत प्रतिमा उलटी असेल, तर सरकवताना गोंधळ होईल, दोन मिनिटं धीर धरा). तिथे कोपर्निकस आहे, 93 किलोमीटर व्यासाचं, आतल्या बाजूला पायऱ्या पायऱ्यांनी ढासळलेलं. या दोघांच्या मध्ये सपाट लाव्हावर बारीक खड्ड्यांच्या ओळी दिसतील, शिवणयंत्राने टीप घालावी तशा. कोपर्निकस झालं तेव्हा उडालेले दगड खाली पडून ते खड्डे पडले. त्याची किरणं आणि त्याचे हे खड्डे एराटोस्थेनिसच्या अंगावरही पोचलेत. म्हणजे कोपर्निकस त्याच्या नंतरचं. आणि त्याच टिपांच्या खाली नीट बघितलं तर एक मोठं पण अगदी फिकट वर्तुळ जाणवतं. त्याचं नाव स्टेडियस. ते लाव्हाच्या आधीचं. लाव्हाने ते गळ्यापर्यंत बुडवलंय, फक्त काठाचे तुकडे वर राहिलेत, उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरल्यावर जुन्या गावाच्या भिंतींचे माथे दिसावेत तसे.

तीन विवरं, एका नजरेत. बुडालेलं, किरणं पुसलेलं आणि किरणं असलेलं. लाव्हाच्या आधीचं, नंतरचं आणि त्याच्याही नंतरचं. शूमेकर आणि हॅकमन यांनी मधल्या काळाला एराटोस्थेनियन नाव दिलं आणि शेवटच्याला कोपर्निकन. त्यांच्या यादीत आणखी एक कालखंड होता, प्रोसेलेरियन. तो नंतर गळला; एराटोस्थेनियन मात्र टिकला.

दशमीच का सांगितली, तेही लिहून ठेवतो, कारण हा हिशोब मला कुठल्याही ॲपपेक्षा सोपा वाटतो. आपली तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं 12 अंशांचं अंतर. चंद्रावरची उजेड-अंधाराची रेघही एका तिथीला 12 अंशच सरकते. अमावास्या संपताना ती चंद्राच्या पूर्व काठावर, 90 अंशांवर असते. तिथून संपलेल्या तिथींना 12 ने गुणून वजा करत चला; उत्तर शून्याच्या खाली गेलं की ती रेघ पश्चिमेला गेली. नवमीत ती रेघ 6 ते 18 अंश पश्चिमेला असते, आणि एराटोस्थेनिस आहे 11 अंशांवर. कोपर्निकस 20 अंशांवर, म्हणून त्याला दशमी. पूर्वेकडचं लँग्रेनस 61 अंशांवर, ते तृतीयेला. थिओफिलसही पूर्वेकडेच, 26 अंशांवर, ते षष्ठीला. चंद्र थोडा डोलतो, त्यामुळे अर्ध्या तिथीचा फरक पडतो. आणि कालनिर्णयात सूर्योदयाची तिथी छापलेली असते. तुम्ही संध्याकाळी कोणती चालू आहे ते बघा. एकदा मी स्वतः ते न बघता पोरांना षष्ठीला बोलावलं आणि आम्ही सगळे सप्तमीचा चंद्र बघत बसलो.

थिओफिलस, लँग्रेनस, दक्षिणेकडचं बुलियाल्डस, वायव्य काठाजवळचं पायथॅगोरस, ही सगळी एराटोस्थेनियन काळात धरली जातात. थिओफिलस तर बघाच: शंभर किलोमीटर व्यासाचं, आणि शेजारच्या जुन्या सिरिलस विवराचा काठ खाऊन त्याच्यात घुसलेलं. कोण आधी, कोण नंतर, हे चौथीतलं पोरही सांगेल.

इथवर सगळा क्रम झाला, आकडे नाहीत. आकड्यांसाठी दगड हातात लागतो. नोव्हेंबर 1969 मध्ये अपोलो 12 वादळांच्या महासागरात, म्हणजे चंद्रावरच्या लाव्हाच्या एका विशाल मैदानात, उतरलं, तिथला लाव्हा 310 ते 330 कोटी वर्षांचा निघाला. त्याच मातीत कोपर्निकसच्या किरणातून आलेली मानली जाणारी काच सापडली, ती सुमारे 80 कोटी वर्षांपूर्वी तापलेली. टायकोचं वय 10.8 कोटी वर्षं धरतात, तेही टायकोला न जाता: अपोलो 17 उतरलं तिथे दोन हजारांहून अधिक किलोमीटरवर, टायकोच्या उडालेल्या दगडांनी एका डोंगराची दरड कोसळली असावी, आणि त्या दरडीच्या वयावरून हा अंदाज. मुलांना एक गंमत सांगा. ब्रह्मगिरीचा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे चंद्रावरचं जे ‘ताजं’ विवर कोजागिरीला इतकं झळकतं, ते झालं तेव्हा अंजनेरी नव्हता, ब्रह्मगिरी नव्हता, गोदावरीला उगम पावायला डोंगरच नव्हता.

अडचण अशी होती की एका टोकाला 300 कोटींच्या वरचे दगड होते, दुसऱ्या टोकाला 80 कोटींच्या आतले, आणि मधला जवळजवळ सगळा एराटोस्थेनियन काळ रिकामा. मधल्या जमिनींची वयं खड्डे मोजून ठरवत: जितके जास्त खड्डे तितकी जमीन जुनी. पण खड्डे पडण्याचा वेग त्या काळात नेमका किती होता, हे ठरवायला मध्ये एक तरी खुंटी हवी. ती डिसेंबर 2020 मध्ये मिळाली. चीनचं चांग-ई 5 वादळांच्या महासागराच्या उत्तर भागातून 1,731 ग्रॅम माती-दगड घेऊन आलं आणि तिथल्या बेसाल्टचं, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या दगडाचं, वय 203 कोटी वर्षं निघालं. जून 2024 मध्ये चांग-ई 6 ने चंद्राच्या पलीकडच्या बाजूने दगड आणले, ते सुमारे 280 कोटींचे. म्हणजे एराटोस्थेनियन काळातले, तारीख ठरलेले दगड आता दोन्ही बाजूंचे आहेत. चंद्रासारखा लहान गोळा 200 कोटी वर्षांपूर्वीपर्यंत आतून इतका तापलेला कसा राहिला, हा वाद मात्र त्यातून नवाच सुरू झाला. त्या काळातला लाव्हा काही थोडाथोडका नव्हता. मारे इम्ब्रियममध्ये शेवटी-शेवटी आलेले काही प्रवाह हजार-बाराशे किलोमीटर लांब पसरलेत, आणि त्यांच्या पुढच्या कडा 30-35 मीटर उंच आहेत. दख्खनचे थर ज्याने पाहिलेत त्याला हे आकडे ओळखीचे वाटतील.

आता जी गोष्ट मी त्या दिवशी मुलांसमोर मुद्दाम सांगितली नाही, ती सांगतो. ‘किरणं असली तर कोपर्निकन, नसली तर एराटोस्थेनियन’ हा नियम शिकवायला सोपा आहे, पण तो तितकासा भरवशाचा नाही. किरण दोन कारणांनी उजळ दिसू शकतो: माती ताजी आहे म्हणून, किंवा मुळात वेगळ्या, फिकट दगडाची आहे म्हणून. गडद लाव्हावर चंद्राच्या उंच, लाव्हा न पसरलेल्या भागातला फिकट दगड उडून पडला तर त्याच्यावर कितीही पुट चढलं तरी तो फिकटच दिसणार. परातीतली रांगोळी गेरूने झाकली जाते, पण तिथे दगडाचा जातिवंत रंग पूर्ण झाकला जात नाही. वायव्येकडचं लिख्टेनबर्ग नावाचं वीस किलोमीटरचं विवर बघा. त्याला किरणं आहेत, आणि दक्षिण-पूर्व बाजूची किरणं लाव्हाने चक्क गिळली आहेत. जुन्या नियमाने बघितलं तर तो लाव्हा 110 कोटी वर्षांच्याही अलीकडचा ठरतो. पण ती किरणं दगडाच्या रंगामुळे उजळ असतील, तर विवर बरंच जुनं असू शकतं आणि लाव्हाचं वयही मागे सरकतं. खुद्द कोपर्निकसची काही किरणंसुद्धा या दुसऱ्या प्रकारचीच आहेत. लँग्रेनसला पुसट किरणं दिसतात, तरी ते एराटोस्थेनियनमध्येच ठेवलंय. म्हणून 320 हा आकडा मी ठामपणे लिहितो, 110 लिहिताना पेन्सिल वापरतो.

यात चंद्रालाच दोष देण्यात अर्थ नाही. आपलं लोणार घ्या. 1.8 किलोमीटरचं विवर, आपल्याच दख्खनच्या बेसाल्टमध्ये पडलेलं, काठावर लाव्हाचे थर बाहेरच्या अंगाला कललेले हाताने चाचपता येतात. त्याचं वय एका पद्धतीने 52 हजार वर्षं येतं आणि दुसऱ्या पद्धतीने 5 लाख 70 हजार. एस.टी.ने जाऊन हात लावता येणाऱ्या विवराची ही कथा, तर पावणेचार लाख किलोमीटरवरच्या विवराला थोडी सूट द्यायला हवी. शाळेची सहल काढणार असाल तर लोणार जरूर घ्या. फक्त ते साधं, वाटीसारखं विवर आहे हे सांगा. चंद्रावर पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढे गेल्यावर मध्ये डोंगर उगवतो आणि कडांना पायऱ्या पडतात, तसं लोणारला दिसणार नाही.

एराटोस्थेनिसच्या सावल्यांनी भल्याभल्यांना फसवलंय, तेव्हा कोजागिरीला तुम्ही फसलात याचं वाईट वाटून घेऊ नका. विल्यम पिकरिंग या खगोलशास्त्रज्ञाने 1919 ते 1924 मध्ये जमैकातून याच विवराचं निरीक्षण केलं. सूर्य चढेल तसे तळावरचे काळे डाग सरकताना, आकार बदलताना त्याला दिसले, आणि हे किड्यांचे थवे चरायला निघाले असावेत, असं त्याने लिहून टाकलं! डाग खरेच होते. ऊन बदललं की फिकट आणि गडद जमिनीचा खेळ बदलतो, एवढंच ते.

विवराला ज्याचं नाव दिलंय तो एराटोस्थेनिस सावलीवरून पृथ्वीचा घेर मोजणारा ग्रीक विद्वान. आपल्या नाशिकलाही मे आणि जुलैमध्ये एकेक दिवस सावली पायाखाली येते, तेव्हा तो प्रयोग शाळेच्या मैदानात करता येईल. त्याबद्दल वेगळं लिहीन.

सध्या एवढं करा. येत्या शुद्ध दशमीला आठच्या सुमारास मुलांना घेऊन या, त्र्यंबकच्या बाजूने ढग आले नाहीत तर. प्रत्येकाला कोरा कागद आणि पेन्सिल आणायला सांगा. कोपर्निकस आणि एराटोस्थेनिस काढायला पाच मिनिटं लागतात. मग त्यांना मधलं स्टेडियस काढायला लावा, तुकडे जोडून पूर्ण वर्तुळ. मी इतकी वर्षं प्रयत्न करतोय, माझं खालच्या बाजूने अजून उघडंच राहतं.